मौजे तळेरे येथील एका रंगाची रुजवात

महसूल खात्याच्या दप्तरात बत्तीस वर्षे घालविलेल्या माणसाच्या अंगाला जे अनेक दोष चिकटतात, त्यांतला सर्वांत चिवट दोष असा की, कागद आणि वस्तुस्थिती यांच्यात तफावत आढळली असता कागद चुकला असेल ही शंका त्याच्या मनाला शिवत नाही. सातबाऱ्यावर हापूस आंब्याची चार झाडे असतील आणि जागेवर तीनच उभी असतील, तर चौथे झाड गैरहजर आहे असे तो म्हणतो. ते नाही असे म्हणत नाही. याच न्यायाने माझी मोटार लाल आहे असे मी गेली कित्येक वर्षे धरून चाललो होतो. कारण तिच्या नोंदणीपुस्तकात ‘रंग’ या सदराखाली तसे स्वच्छ लिहिलेले आहे, त्याखाली सक्षम अधिकाऱ्याची सही आहे आणि सहीवर शिक्का आहे. इतका भक्कम पुरावा हाती असताना अंगणात जाऊन मोटारीकडे डोळ्यांनी पाहण्याचे प्रयोजन मला कधी वाटले नाही.

गेल्या एप्रिलात मुंबईहून आलेल्या पुतण्याने पायरीवर वहाणा काढता काढता, मनात कोणताही दुष्ट हेतू नसताना, ‘काका, तुमची ती गुलाबी गाडी अजून चालते का हो?’ असा प्रश्न केला, आणि माझ्या श्रद्धेला पहिला तडा गेला. चालते की नाही हा मुद्दा मला गौण वाटला. ‘गुलाबी’ हा शब्द मात्र रात्रभर डोक्यात टिटवीसारखा ओरडत राहिला. पंधरा वर्षांनंतर खाजगी वाहनाची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करून घ्यावी लागते, हे ज्यांच्याजवळ जुनी मोटार आहे त्यांना सांगावयास नको. माझी मोटार 1996 सालची, आणि यंदाची मुदत मेअखेर संपत होती. परिवहन कार्यालयातील निरीक्षकाने पुस्तक उघडून ‘लाल’ असे वाचले, मान वर करून गुलाबी मोटार पाहिली आणि रंगात विनापरवाना फेरफार केल्याबद्दल खुलासा मागितला, तर बत्तीस वर्षे इतरांकडून खुलासे मागविलेल्या माणसाने काय करावे?

सकाळी उठून मी रीतसर पंचनामा केला. पंच म्हणून शेजारचे गृहस्थ हजर होते. ते एस.टी.तून वाहक म्हणून निवृत्त झाले असून, आयुष्यभर इतरांच्या प्रवासाकडे लक्ष दिल्यामुळे आता त्यांना स्वतःच्या घरी बसवत नाही. मौजे तळेरे, तालुका कणकवली येथील राहत्या घराच्या अंगणात फणसाखाली उभ्या असलेल्या वाहनाची समक्ष पाहणी केली असता टप आणि बॉनेट गुलाबी, दोन्ही बाजूंची दारे तांबूस, आणि दार उघडल्यावर आतल्या कडेचा रंग मात्र कुंकवासारखा लालभडक आढळला. म्हणजे मूळ कब्जेदाराचा पुरावा शाबूत होता. अतिक्रमण फक्त उघड्यावर झाले होते. मी बॉनेटवरून तळहात फिरविला, तो निवडणूक जिंकलेल्या उमेदवाराच्या हातासारखा गुलाली होऊन परतला. ‘भाऊनू,’ पंच गंभीरपणे म्हणाले, ‘ही गाडी नाय, ह्यो देवाचो माळ झालो. हात लावल्यार अंगारो मिळता.’

अतिक्रमण करणाऱ्याचे नाव निष्पन्न होण्यास चौकशीची गरज नव्हती. तो दररोज वैभववाडीकडून येतो आणि विजयदुर्गाकडे जातो. तळेरे हे गाव पुष्कळांना एका गाडीतून उतरून दुसरीत चढण्याचे ठिकाण म्हणूनच ठाऊक आहे: मुंबईहून गोव्याकडे जाणारा हमरस्ता, ज्याला आम्ही जन्मभर 17 नंबरचा म्हणत आलो आणि ज्याचे दप्तरी नाव आता 66 झाले आहे, तो इथून जातो, पूर्वेकडचा रस्ता करूळ घाट चढून गगनबावड्यावरून कोल्हापूर गाठतो, आणि पश्चिमेकडचा विजयदुर्गाच्या समुद्रापाशी संपतो. या शेवटच्या रस्त्याने माणसे तशी सूर्यही जातो, आणि विजयदुर्गावर तर त्याची एकदा प्रत्यक्ष झडती झाली असे सांगतात. 18 ऑगस्ट 1868 रोजी झालेल्या खग्रास ग्रहणाच्या निरीक्षणाशी जोडलेले चौथरे किल्ल्यात ‘साहेबाचे कट्टे’ म्हणून आजही दाखविले जातात. त्या ग्रहणात सूर्याच्या प्रकाशाचे जे पृथक्करण झाले, त्यातील एका पिवळ्या रेषेवरून पुढे हेलियम या मूलद्रव्याचा शोध लागला. आपल्या खाजगी सामानाची अशी जाहीर मोजदाद झाल्याचा राग सूर्याने या टापूतील वाहनांवर काढावा, हे शास्त्रीय नसले तरी मनुष्यस्वभावाला धरून आहे.

शास्त्रीय कारण असे की, मोटारीचा रंग म्हणजे एका राळेत कालविलेली रंगद्रव्याची पूड. उन्हातील जंबुपार किरण त्या राळेचे दुवे तोडतात, हवेतील प्राणवायू तुटलेल्या ठिकाणी शिरकाव करून घेतो, आणि धरून ठेवणारे कोणी न उरल्यामुळे रंगाचे कण मोकळे होऊन पृष्ठभागावर पिठासारखे जमतात. सपाट पृष्ठभाग खडबडीत झाला की त्यावर पडलेला प्रकाश एका दिशेने परत न जाता दशदिशांना उधळतो; म्हणून काळी मोटार राखी दिसते, निळी दुधाळ दिसते आणि लाल गुलाबी दिसते. त्यातही लाल रंगाचे नशीब फुटके. निळ्या-हिरव्या बाजूचा अधिक जोमदार प्रकाश स्वतः गिळावयाचा आणि सौम्य तांबडा तेवढा लोकांना परत द्यावयाचा, हा त्याचा धर्म. आणि जुन्या काळचे झगझगीत लाल रंग ज्या सेंद्रिय द्रव्यांपासून बनत, ती उन्हापुढे फार काळ तग धरीत नसत.

मला विशेष टोचली ती गोष्ट याहून निराळी आहे. ज्या अंगणात ही मोटार विटली, त्या अंगणाचा रंग मात्र विटलेला नाही. आमची सबंध भूमी जांभ्याची, आणि जांभा म्हणजे तरी काय? काळ्या खडकावर युगानुयुगे पाऊस कोसळून त्यातील सिलिका वाहून गेली, लोह आणि अॅल्युमिनियम मागे उरले, आणि लोहाला प्राणवायूने गाठून तांबडे करून टाकले. फ्रान्सिस बुकॅनन नावाच्या साहेबाने केरळातील असाच दगड पाहून त्याला विटेच्या लॅटिन नावावरून 1807 साली ‘लॅटेराइट’ म्हटले; तो दगड पाहिला तेव्हा लोक त्यातून घरांच्या भिंतींसाठी चिरे कापत होते. म्हणजे ज्या प्राणवायूने माझी मोटार लालाची गुलाबी केली, त्यानेच माझे घर, माझा गडगा, माझी विहीर आणि माझ्या धोतराचा काठ काळ्याचा तांबडा केला; आणि तो तांबडा इतका पक्का की कोणताही साबण त्याला हलवू शकत नाही. जे आधीच पुरते गंजले आहे त्याला ऊन आणखी काय करणार! मोटार रंगविणाऱ्यांनी अंगणातली माती लावली असती तर मला ही पाळी आली नसती, असा विचार माझ्या मनात आला, आणि तो मी कोणापाशी बोललो नाही.

उपाय सुचविणाऱ्यांची आमच्याकडे वाण नाही. पितळेची भांडी आमसुलाने आणि राखेने घासणाऱ्या घरात वाढलेल्या आमच्या कुटुंबाने तोच प्रयोग दाराच्या कोपऱ्यावर करून पाहण्याची तयारी दाखविली. पुतण्याने टूथपेस्ट सुचविली. एकाने नवा रंग मारून घेण्याचा सल्ला दिला आणि त्याचा खर्चही सांगितला. तो मोटारीच्या आजच्या किमतीच्या इतका जवळ होता की, मोटारीला रंग मारावयाचा की रंगाबरोबर मोटार फुकट घ्यावयाची, असा प्रश्न पडावा. निवृत्त वाहकांचे मत ठाम होते. ‘भाऊनू, खोबरेल लावा, खोबरेल! म्हशीच्या शिंगांक लावतत ना, तसा.’ त्यांनी माझ्या संमतीची वाट न पाहता बॉनेटचा एक चौकोन तेलाने माखला, आणि काय आश्चर्य, तेवढा चौकोन क्षणात लालबुंद झाला! खाचखळगे तेलाने भरले की प्रकाश पुन्हा सरळ परततो, हे त्यामागचे इंगित मला मागाहून कळले. संध्याकाळपर्यंत त्या चौकोनावर रस्त्याची धूळ, फणसाची पाने आणि काही निष्पाप कीटक इतक्या आत्मीयतेने चिकटले की, तेथे खरवडूनच पाहणी करावी लागली. या उपायाला आम्ही हसलो, ते चुकलेच. परदेशांतील जुन्या मोटारींचे शौकीन अशा सुकलेल्या जुन्या रंगाला घासण्यापूर्वी तेलकट पॉलिश चोळून रात्रभर मुरत ठेवतात, असे पुढे वाचनात आले. आणि तेथील मोटार-पॉलिशचा एक प्रसिद्ध कारखानदार, फ्रँक मेग्वायर, 1901 साली लाकडी सामानाच्या पॉलिशपासूनच सुरुवात करता झाला होता. शिंगे, मेज आणि बॉनेट यांची जात एकच, हे वाहकांना पुस्तकाशिवाय ठाऊक होते. खोबरेल निवडण्यात मात्र त्यांची किंचित गफलत झाली.

शेवटी नाक्यावरील एका गॅरेजमधून बफिंग करणारा तरुण कारागीर आला. त्याने प्रथम सर्वांना दूर उभे केले, एका पांढऱ्या फडक्याला थोडे पॉलिश लावून मागच्या दाराच्या खालच्या कोपऱ्यावर, जिथे कोणाची नजर जात नाही तिथे, हलकेच चोळले, आणि फडके उलटून दाखविले. ते लाल झाले होते. मी हबकलो, त्याला मात्र आनंद झाला. हल्लीच्या मोटारींत रंगावर काचेसारख्या पारदर्शक लेपाचा थर असतो, त्यावर फडके चोळले तर ते मळते पण रंगत नाही. आणि तो लेपच जर पापुद्रे सुटून उडू लागला असेल तर कितीही घासले तरी उपयोग नाही. जुन्या मोटारीवर असा पडदा नाही, रंग हाच वरचा थर. तेव्हा मेलेले कातडे काढले की खाली जिवंत आहे. ‘काकानू,’ तो म्हणाला, ‘ह्येच्यात रंग असा अजून. मेलेलो नाय, झोपलेलो असा.’ इतके आशादायक निदान मला माझ्या स्वतःच्या प्रकृतीविषयी कोणत्याही डॉक्टरांकडून मिळालेले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोटार धुवून, रबराच्या कडा आणि आरशांच्या बुडख्यांना कागदी चिकटपट्ट्या लावून, ती मांगराच्या सावलीत आणली गेली. कारण तापल्या पत्र्यावर पॉलिश वाळून खडे होते. दशावतारी नाटकाच्या रंगपटात संध्याकाळी जे वातावरण असते तेच आमच्या अंगणात पसरले: डब्या, फडकी, पाण्याचा तांब्या, अर्धवट तोंडाचा राजा आणि भोवती मुले. फरक इतकाच की तेथे चेहऱ्यावर रंग चढवितात आणि येथे उतरवावयाचा होता. यंत्राला प्रथम लोकरीचा पॅड बसविला, बॉनेटवर रबिंग कंपाऊंडचे चार ठिपके ठेवले आणि यंत्र सुरू झाले. मिनिटाला हजार-बाराशे फेरे घेणारी ती लोकर पाहता पाहता लाल झाली, आणि कारागिराने वेग थोडा वाढविताच तिने अंगावरचे कंपाऊंड चौफेर उधळून दिले. गडग्यापलीकडे खाटेवर आमच्या कुटुंबाने पोह्याचे पापड वाळत घातले होते. त्या दोनशे पापडांपैकी किमान साठांवर गुलाबी ठिपके उमटले, हे मी मोजून सांगतो, कारण ते मला मोजावयास लावण्यात आले. ‘गाडी लाल होते आहे ना, मग झालं,’ असे ती म्हणाली. आणि ज्या स्वरात म्हणाली त्याची नोंद कोणत्याही दप्तरात होऊ शकत नाही.

पॉलिश हे द्रव्य रंगावर काहीतरी चढविते, अशी माझी जन्मभराची समजूत होती. ‘चढवूचा कसला? काढूचा!’ असे म्हणून कारागिराने ती एका वाक्यात बरखास्त केली. कंपाऊंडमध्ये बारीक वाटलेली कठीण पूड असते, बहुधा अॅल्युमिनियम ऑक्साइडची. आणि हे द्रव्य ज्या बॉक्साइटपासून काढतात त्याच्या खाणी घाटावर राधानगरीकडच्या पठारांवर आहेत, म्हणजे जांभ्याचाच थोरला भाऊ माझ्या अंगणातला हिशेब मिटवावयास आला होता म्हणावयाचे. ही पूड रंगाचा मेलेला थर किसून काढते. मग फोमचा मऊ पॅड आणि त्याहून बारीक पॉलिश लोकरीने पाडलेले ओरखडे किसून काढते. आणि सर्वांत शेवटी लावावयाचे मेण तेवढे काही चढविते, तेही चार-दोन महिन्यांपुरते. आणि हे किसणे चालते किती भांडवलावर? मोटारीवरचा सगळा रंग, प्रायमरसकट, शंभर-सव्वाशे मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा हिस्सा. आणि माणसाचा केस सुमारे सत्तर मायक्रॉनचा. दीड-पावणेदोन केसांच्या जाडीवर माझ्या मोटारीची आणि माझी अब्रू उभी होती.

तेव्हा मला आमच्या देवघरातील चांदीचे टाक आठवले. चार पिढ्यांनी दर सणाला चिंचेने आणि रांगोळीने घासून ते इतके उजळले आहेत की, त्यांवर आता नाक, डोळे, आयुधे यांपैकी काही उरलेले नाही. कोणता टाक कुलदेवतेचा आणि कोणता मूळपुरुषाचा हे केवळ त्यांच्या बसण्याच्या जागेवरून ठरते, आणि एकदा दिवाळीत मुलांनी जागा बदलल्या, तेव्हापासून पूर्वजाला देवीचा नैवेद्य जात असावा असा मला संशय आहे. चकाकी मात्र पाहून घ्यावी!

कारागिराची नजर सारखी कडांवर होती. सपाट जागी यंत्र बेधडक चालते, पण जिथे पत्रा वळतो तिथे रंग मुळातच पातळ बसलेला असतो आणि पॅडचा सगळा भार एका रेघेवर येतो. क्षणभर यंत्र थबकले की रंग जळून खालचा राखी प्रायमर डोकावतो. दर थोड्या वेळाने तो थांबे, ब्रशने पॅडमधील लाल गाळ झाडी, हाताच्या पालथ्या बाजूने पत्र्याची ऊब पाही. टपाच्या मागच्या टोकाशी, जिथे दुपारचे सगळे ऊन एकवटते, तिथे त्याने यंत्र एकाएकी बंद केले. रुपयाएवढी एक जागा लाल होण्याऐवजी मातकट दिसू लागली होती. मी म्हटले, आणखी एकदा फिरवून पाहू. ‘नको, काकानू. आता हात आवरलेलो बरो.’ तेथे सूर्याची वहिवाट पुरी झाली होती. बारा वर्षांहून अधिक काळ उघडपणे आणि विनाहरकत कब्जा राहिल्यावर मूळ मालकाचा दावा कोर्टातही टिकत नाही, हे मी जाणून होतो. ती रुपयाभर जमीन मी सोडून दिली.

तिसऱ्या प्रहरी मेण पुसून झाले आणि मोटार उन्हात आणली. काय सांगावे! बॉनेटमध्ये फणस दिसत होता, फणसावरचा कावळा दिसत होता, आणि वाकून पाहिले तर मी दिसत होतो. ते शेवटचे प्रतिबिंब मोटारीच्या मानाने पुष्कळच ऑक्सिडीकृत होते. कारागिराने पैसे घेताना तीन आज्ञा केल्या: फणसाखाली लावू नका, कारण चीक आणि पक्ष्यांची विष्ठा रंगात घर करते, आंब्याखालीही नको, मोहोराच्या दिवसांत तुडतुडे वरून साखरपाणी शिंपतात, आणि काही झाले तरी कोरड्या फडक्याने धूळ पुसू नका. या शेवटच्या आज्ञेचे कारण त्याने बोटाने दक्षिणेकडे दाखवून स्पष्ट केले. तिकडे कासार्डे. तिथल्या सिलिका वाळूच्या खाणी प्रसिद्ध आहेत. काचेला आणि ओतकामाला लागणारी ती वाळू ट्रकांतून भरून जाते, आणि जाताना थोडी थोडी रस्त्याला वाटत जाते. सिलिका म्हणजे गारगोटी. ती लोखंडाच्या सुरीवरही ओरखडा काढते, मग रंगाची काय कथा! तिच्यावरून कोरडे फडके फिरविणे म्हणजे सॅंडपेपरने कौतुक करणे. आधी पाणी, मग हात.

मेच्या शेवटच्या आठवड्यात मी मोटार तपासणीस हजर केली. निरीक्षक तरुण, नीटस आणि अत्यंत कामसू होते. त्यांनी दिवे, भोंगा, ब्रेक पाहिले. चेसिस नंबरावर कागद धरून पेन्सिलीने घासून त्याचा ठसा घेतला. मग पुस्तक उघडून आपल्या फॉर्मवर एकेक सदर भरू लागले. ‘रंग’ या सदरापाशी त्यांचे पेन आले तेव्हा माझा श्वास रोखला गेला. मोटार त्यांच्या पाठीमागे दोन हातांवर उन्हात झळाळत होती. त्यांनी मान वळविली नाही. पुस्तकात पाहून त्यांनी शांतपणे ‘लाल’ असे लिहिले आणि पुढच्या सदराकडे गेले. माझे साठ पापड, तीन दिवस आणि कारागिराची मजुरी डोळ्यांपुढून गेली खरी. पण राग आला नाही. तो माझ्याच पंथातला माणूस होता.

परतीच्या वाटेवर कणकवली आणि नांदगाव मागे पडले, आणि कासार्ड्याच्या अलीकडे एक वाळूचा ट्रक पुढे आला. पाच मैल तो मला वाट देईना आणि त्याच्या मागच्या फळीतून पांढरी पूड अखंड झरत राहिली. अंगणात शिरलो तेव्हा बॉनेट साखर भुरभुरलेल्या चिरोट्यासारखे दिसत होते. निवृत्त वाहक गडग्यावर वाटच पाहत बसले होते. माझी नवी मोटार अशी मळून आलेली पाहून त्यांच्या चेहऱ्यावर अपार करुणा दाटली. मी दार उघडून एक पाय बाहेर ठेवतो तोच त्यांनी खांद्यावरचा पंचा उतरविला, दोन्ही हातांनी झटकला आणि बॉनेटकडे धाव घेतली.

‘उठू नका, भाऊनू! तुम्ही दमान इलास. मी पुसतंय!’

‘पाणी!’ मी ओरडलो. ‘आधी पाणी!’

‘अगे, भाऊंका पाणी हाड!’ असे घराकडे ओरडून सांगत त्यांनी पंचा बॉनेटवर टेकविला.